सातव्या बॅचची जरी

२४ सप्टें., बुध
बॅच सहा पण काळी. मॅडमच्या पट्टीवर चार. ही पट्टी त्यांनीच केलीय, पुठ्ठ्यावर जरीचे सहा तुकडे ओळीने चिकटवून. शून्य म्हणजे आजच दुकानातून आणल्यासारखी झळझळीत. पाच म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काळाकुट्ट काठ. "संसाराचा पुरावा," म्हणाल्या. त्यांची पीएचडीवाली जिनल हसली, मग त्याही हसल्या.

डबा उघडला की सडक्या अंड्यांचा वास. जरीत सोन्याच्या मुलाम्याखाली चांदी असते आणि हवेतल्या गंधकाने ती काळी पडते, म्हणून आम्ही डब्यात मुद्दाम गंधकाची हवा कोंडतो. बाहेर वर्षभरात जे व्हायचं ते आत आठवड्यात होतं. पहिल्यांदा मला उलटी आली होती. आता त्या वासाने भूक लागते, कारण डबा जेवणाच्या सुट्टीआधी उघडतात.

सबनीस मॅडमचं म्हणणं, जरीच्या तारेवर काचेचा इतका पातळ थर द्यायचा की तो दिसणार नाही, साडी नेसताना मोडणार नाही, आणि हवा आत जाणार नाही. मार्चमध्ये प्रोजेक्ट संपतं. जूनमध्ये मॅ. रिटायर. तोवर एक बॅच जरी टिकली तर मुदत वाढेल, मॅ. रिटायर होऊनही लॅबमध्ये येत राहतील, जिनलचा थिसिस होईल. नाही टिकली तर खोली दुसऱ्या सरांना, डबा भंगारात.
माझं काय. मी हेल्पर, कुठेही असतो.

२७ सप्टें., शनि
जुन्या शहरात जरीवाल्या शेठकडे रीळ आणायला गेलो. जाताना पुलावर थांबलो. तापीत एक माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून लोहचुंबक दोरीला बांधून फेकत होता. नाणी काढतो म्हणे. एक काढून दाखवलं. मग लोचो खाल्ला. मग लक्षात आलं की मॅ. वाट बघतायत.

शेठ म्हणाला, "तमारा मॅडम हजी थाक्या नथी?" अजून थकल्या नाहीत का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, काळी पडते म्हणून तर लोक नवीन घेतात, तुम्ही माझा धंदा बसवणार. पण रीळ दिलं, वर चहाही पाजला.

पोचलो तर जिनल दारात. "अरे यार भूषण, तने जीपीएस बांधवो पडशे."
मॅ.नी घड्याळाकडे बघितलं फक्त. ते जास्त लागतं.

२९ सप्टें., सोम
शेजारी वर्कशॉप आहे. तिथलं लेथ सुरू असलं की आमचं टेबल थरथरतं. जरी काचेच्या पाण्यातून वर काढताना ती जराही थरथरली तर तारेवर कडी उमटतात. (काचेचं पाणी आम्ही म्हणतो. खरं नाव जिनल एका दमात म्हणते, मला अजून जमत नाही.) म्हणून बुडवायचं काम लेथवाले जेवायला गेले की करायचं. चौकटीवर गुंडाळलेली जरी, वर छोटी मोटर, ती इतकी हळू ओढते की बघणाऱ्याला वाटतं बंद आहे. मला तिथे बसवतात, कोणी दार आपटू नये म्हणून. मीच एकदा आपटलं होतं.

नुसतं बसून बघायचं. गोव्यात शॅकवर होतो तेव्हा, किंवा ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा, कोणी असं बसायचे पैसे देईल म्हटलं असतं तर हसलो असतो.

१ ऑक्टो., बुध
खंडेनवमी. मॅ. दर वर्षी लॅबमध्ये पूजा करतात. त्यांच्या आई शिवणयंत्राला हळदकुंकू लावायच्या, तेच इथे. जिनलने झेंडू आणले, मी आंब्याची पानं (कॅम्पसमधलीच, वॉचमनच्या समोरून). ओव्हनला हळदकुंकू, मोटरला, डब्यालासुद्धा. वजनकाट्याला फक्त फूल. "त्याला पूड लागली की आठवडाभर रुसेल," मॅ. म्हणाल्या. हळदकुंकू-अक्षतांचं ताट ओव्हनच्या डोक्यावर ठेवलं.

बॅच सात दुपारीच बुडवून झाली होती. एरवी ओली असतानाच ओव्हनमध्ये तापवायला लावतात. जिनलने विचारलं, "मॅम, ओव्हन?"
"आज यंत्रांना विश्रांती. आत नुसती ठेव, दार लाव. परवा आलो की चालू करू."

मग पेढे. मॅ.नी पेढा खाताना विचारलं, "भूषण, तुझ्या बाइकची पूजा केलीस?" नाही केली. खाली गेलो आणि पुडीत उरलेलं कुंकू हेडलाइटला लावलं. बरं वाटलं, का कोण जाणे.

६ ऑक्टो., सोम
बॅ. ७ शुक्रवारी तापवली, आज डब्यात. काही विशेष नाही.
येताना पांडेसऱ्याजवळ एका चिमणीवर रंगारी लटकलेला. बराच वेळ बघत राहिलो. त्याला खाली यायची घाई दिसत नव्हती.

१३ ऑक्टो., सोम
बॅ. ७ पिवळी!!
मी पट्टी लावली तर एक. एकसुद्धा नाही, शून्य आणि एकच्या मधे. शेजारची बिनथराची जरी पाच. म्हणजे डबा नीट चालला होता. जिनलने चौकट हातात घेतली आणि गुजरातीत देवाचं नाव घेतलं. मॅ.नी चष्मा काढला, पुसला, घातला, खिडकीत नेऊन बघितलं, परत दिव्याखाली बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "आता हेच परत करून दाखवायचं."

हेडसरांना कळवलं. नोव्हेंबरमध्ये कमिटी बसेल, मुदतवाढीचं ठरवायला.
घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग पगार वाढी का?"

१८ ऑक्टो., शनि
बॅ. ८ काळी. आठवडाही पुरला नाही. तीन.
तेच रीळ, तेच पाणी, तोच मी दारात. उद्यापासून दिवाळीची सुट्टी. कोणीच कोणाला शुभेच्छा दिल्या नाहीत, मग फाटकाजवळ आठवण झाल्यावर तिघांनी एकदम दिल्या.

२२ ऑक्टो., बुध
मित्राचा, पिंट्याचा फोन. चार बाइक, संक्रांतीनंतर कच्छ, तिथून पुढे जैसलमेर, पुढचं पुढे. "तू तर येणारच, तुला विचारायचं काय." खरंय, मला कधी कोणी विचारत नाही. हो म्हटलं. रात्री झोपेपर्यंत नकाशा बघितला, पांढऱ्या मिठावरून सरळ जाणारा रस्ता.

बाबा मिलमधून आले. रंगाने बोटं निळी. म्हणाले, "तुना मॅडमले सांग, मनी बोटंवर बी काच चढावा."

१० नोव्हें., सोम
बॅ. ९ काळी. चार.
जिनल बाथरूममध्ये जाऊन आली, डोळे लाल. तिचा थिसिस सातव्या बॅचवर उभा आहे, म्हणजे एका पायावर.

मॅ. म्हणाल्या, सातव्या बॅचचा एक तुकडा मोठ्या मायक्रोस्कोपखाली नेऊ. तो दुसऱ्या इमारतीत. तिथला माणूस तुकड्यावर काय काय आहे ते पडद्यावर डोंगरांसारखं दाखवतो. चांदीचा डोंगर, सोन्याचा, तांब्याचा, काचेचा. आणि एक छोटी टेकडी.
"कॅल्शियम," तो म्हणाला.
मॅ.: "आमच्याकडे कॅल्शियम कुठलं?"
तो: "मला काय विचारता मॅडम, तुमचा सॅम्पल आहे."

१२ नोव्हें., बुध
कॅल्शियम शोधमोहीम. नळाचं पाणी, गाळलेलं पाणी, साबण, खडू, भिंतीचा चुना. मला कॅम्पसभर पाणी गोळा करायला पाठवलं. हॉस्टेलच्या मागे कुत्रीला पिल्लं झालीत, पाच, त्यातलं एक पूर्ण पांढरं. बाटल्या घेऊन परतायला उशीर झाला. जिनल म्हणाली, "कॅल्शियम मळ्यूं?" मी म्हटलं, पांढरं पिल्लू मिळालं.
पाण्यात काही नव्हतं.

१४ नोव्हें., शुक्र
मिळालं. मॅ.नाच मिळालं.

ओव्हनचा पंखा आवाज करत होता म्हणून त्यांनी स्वतः वरची जाळी उघडली. आत, पंख्याच्या पात्यांवर, लाल-पिवळी पूड. तांदळाचे दोन दाणे, भाजलेले. मॅ. स्टुलावर बसल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की खांदे हलत होते.
"मी. मीच घातलं. ताट जाळीवरच ठेवलं होतं. शुक्रवारी पंखा सुरू झाला आणि सगळं आत."
कुंकू त्या नाशिकहून मागवतात, हळद आणि चुन्याचं, जुन्या पद्धतीचं. चुना म्हणजे कॅल्शियम. आणि सोन्यावर हळद बसली तर कोणाला दिसणार? पिवळ्यावर पिवळं.

जिनलला हसू येत नव्हतं. "मॅम, आपण कमिटीला कुंकू म्हणायचं नाही. लिहायचं, कॅल्शियमयुक्त पूड. ते खोटं नाही."
"अर्धं खरं आहे."
"मॅम, ते हसतील."
"हसू देत. मीही हसलेच ना आत्ता."
जिनल माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे मी तिच्या बाजूने बोलावं. मी म्हटलं, भूक लागलीय. भ्याडपणा झाला तो.

१९ नोव्हें., बुध
कमिटी. मी बाहेर बाकावर. दारातून हसण्याचा आवाज आला, मोठा, सगळ्यांचा मिळून.

जिनलने नंतर सांगितलं. मॅ.नी सरळ सांगितलं, एक बॅच टिकली, तिच्यावर पूजेचं कुंकू पडलं होतं, त्यामुळे टिकली की कशामुळे हे अजून माहीत नाही, पुढच्या दोन बॅच काळ्या पडल्या. एक सर म्हणाले, "तो मॅडम, अगली बार आरती भी कर लीजिए." मॅ. म्हणाल्या, करू, पण आधी बिनआरतीची बॅच करून बघू, म्हणजे फरक कळेल.
तेव्हा त्या सरांनी ते लिहून घेतलं म्हणे.

निकाल: आत्ता काही नाही. मार्चच्या आत परत या. आणि फक्त डब्यातली नको, उघड्या हवेतली जरी दाखवा, सुरतच्या हवेतली.

मॅ. परतताना कॅन्टीनमध्ये म्हणाल्या, "नाही म्हणाले नाहीत." तिघांनी एक प्लेट खमण वाटून खाल्लं. मॅ.नी मिरच्या सगळ्या मला दिल्या.

२४ नोव्हें., सोम
चार चौकटी. एकीवर हळद, एकीवर कुंकू, एकीवर नुसता चुना, एक कोरी. मॅ.नी हळद चिमटीने नाही, गाळणीतून पाडली. जिनल नाक दाबून. लॅबला भाजीचा वास.

८ डिसें., सोम
हळद: काळी. कुंकू: काळी, वर डाग. चुना: तीन. कोरी: चार. म्हणजे कुंकू नाही.

मॅ.नी पट्टी खाली ठेवली. इतक्या वेळा पट्टी मी वाचलीय पण आज पहिल्यांदा वाटलं की माझ्या तोंडून आकडा येऊच नये. खरं म्हणजे मला वाटायला लागलं होतं की कुंकूच असेल. तसं असतं तर मजा आली असती. सांगायला गोष्ट झाली असती, रस्त्यात कोणालाही.

पिंट्याचा मेसेज: तंबू घेतला.

१० डिसें., बुध
जिनल. जिनलला सुचलं, तेही डबा खाताना. थेपला हातात धरून थांबली.
"मॅम. कुंकू नहीं. छुट्टी."
"काय?"
"त्या दिवशी ओव्हन बंद होता ना. बॅच सात दोन दिवस आत ओलीच पडून होती. बाकी सगळ्या आपण लगेच तापवल्या. कुंकवाच्यासुद्धा."

मॅ. उठल्या. मग फळ्यावर काढून दाखवलं, मला कळावं म्हणून. काचेचं पाणी लगेच तापवलं की आतलं पाणी घाईने बाहेर पडतं आणि थराला तडे जातात, उन्हात चिखल वाळून भेगा पडतात तसे, फक्त डोळ्याला न दिसणारे. त्यातून हवा आत जाते. बंद ओव्हनमध्ये हळूहळू वाळलं तर थर निवांत बसतो.
"मला हे माहीत होतं," मॅ. म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या पेपरांत वाचलंय, वर्गात शिकवलंय. पण आपलं प्रोजेक्ट मार्चला संपतं म्हणून घाई."
जिनलने अर्धा थेपला मला दिला. बक्षीस तिला मिळायला हवं होतं.

१२ डिसें., शुक्र
बॅ. १०. बुडवली. आणि आता हात लावायचा नाही. ओव्हन बंद, दार बंद, दारावर जिनलने कागद लावलाय: "आराम चालू छे."
तीनदा जाऊन आलो. काही बघण्यासारखं नसतं. बंद दार. पण जाऊन आलो.

२२ डिसें., सोम
बॅ. १०: एक!
चारही चौकटी. एकीवरही कुंकू नाही. जिनल नाचली, खरंच, गरब्याची दोन पावलं, लॅबकोटमध्ये. मॅ. म्हणाल्या, "दार आपटू नका," आणि मग स्वतःच, "काही बुडवलेलं नाहीये, आपटा."

आता बाहेरची हवा. चार ठिकाणी चौकटी टांगायच्या: लॅबची गच्ची, बमरोलीत आमचं घर (चारी बाजूंनी मिल), कडोदऱ्याला बाबांच्या मित्राचं लूमचं युनिट, कामरेजला मावशीकडे (हायवे आणि ऊस). प्रत्येक चौकटीवर एक पट्टा थराचा, एक बिनथराचा. दर रविवारी पट्टीवर वाचायचं. फिरायचं काम, म्हणजे माझं.

मॅ.: "एकाच माणसाने वाचायला हवं. डोळा बदलला की आकडा बदलतो. मी तुझा तीन आणि जिनलचा तीन शेजारी ठेवून बघितलेत. अर्ध्याचा फरक आहे."
"फोटो काढून पाठवतो ना," मी.
जिनल: "तुझ्या फोनमध्ये मी गोरी दिसते. जरीचं काय सांगतोस."

२८ डिसें., रवि
पहिली फेरी. कडोदऱ्याला लूमच्या आवाजात काका काय विचारत होते ते कळेना, नुसती मान हलवत राहिलो. शेवटी कळलं ते जेवणार का विचारत होते. जेवलो. सगळीकडे शून्य. कामरेजच्या गच्चीवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर दिसतात, एकामागे एक, दिवे लावून. बसून राहिलो.
मावशी म्हणाली, "दर रविवारी येणार? चांगलं आहे. धागा आला म्हणून भाचा आला."

११ जाने., रवि
बिनथराच्या पट्ट्या: बमरोली दोन, कडोदरा दोन, लॅब एक, कामरेज एक. थराच्या: सगळ्या शून्य. आकडे दोनदा वाचून मग लिहिले.

१२ जाने., सोम
मॅ.ना सुट्टी मागितली. कच्छ, पुढचं पुढे. कधी परत येणार विचारलं. म्हटलं, ते मला कधीच माहीत नसतं.
"जा की," म्हणाल्या. "तुझ्या वयात मी पण गेले असते. मला घरच्यांनी सोडलं नाही, म्हणून मायक्रोस्कोपात गेले." मग कागदांत बघत, "फक्त पुढचे रविवार कोण वाचणार ते ठरवून जा. नवा डोळा असेल तर सुरुवातीपासून मोजावं लागेल. मार्चपर्यंत ते बसत नाही."
आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

जिनल दिवसभर माझ्याशी गुजरातीत बोलली नाही. मराठीत बोलली, अगदी शुद्ध. "भूषण, कृपया ती बाटली द्या."

१४ जाने., बुध
उतरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळी बमरोली गच्च्यांवर. गाणी, ऊंधियू, "काप्यो छे!" च्या आरोळ्या. दुपारी कोणाचा तरी मांजा आमच्या चौकटीत अडकला आणि ती सुटून शेजारच्या गच्चीवर. मी पतंग सोडून कठड्यावरून उडी मारली. आई ओरडली, "भूष्या! सोनं शे का ते? पाय मोडशी!"
चौकट शाबूत. एक पीळ सुटला होता, पण थराचा पट्टा जसाच्या तसा. परत बांधली. खाली आलो तर माझा पतंग गेलेला, फिरकी बाबांच्या हातात. म्हणाले, "चांगला चढेल व्हता, तू गया कोठे?"

आई नंतर वर येऊन स्वतः बघून गेली. तिच्याकडे एकच जरीची साडी आहे, ती पेटीत सुती कापडात गुंडाळलेली. तिने चौकटीला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. "काळी नाही पडी का हाई?"
"अजून तरी नाही."
"अजून तरी," ती म्हणाली, माझ्याच आवाजात.

१७ जाने., शनि
बॅग भरली. तंबू पिंट्याकडे. माझ्याकडे स्टोव्ह, दोरी, मिठावर घालायचा गॉगल. पट्टी बॅगेत का ठेवली माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, उद्या रविवार. कामरेज रस्त्यातच आहे, शेवटचं वाचून फोनवर सांगतो आणि निघतो. बमरोली, कडोदरा, लॅब सकाळीच उरकतो.

आईने लाडू दिले. निघताना नेहमी विचारते कधी येशील. या वेळी विचारलं नाही. तिला सवय झाली की माझी तऱ्हा कळली, कोण जाणे.

१८ जाने., रवि
कामरेज, मावशीकडे.

बमरोली, कडोदरा, लॅब: थराच्या तिन्ही शून्य. लॅबच्या गच्चीवर मॅ. आल्या होत्या, रविवार असून. म्हणाल्या, सहज आले. डब्यात पुरणपोळी दिली, "वाटेत खा."

पिंट्याला उशीर झाला, म्हणून सगळे चौकात भेटलो तेव्हा ऊन उतरलेलं. तिघं मावशीच्या घराखाली बाइक चालू ठेवून उभे. मी वर गेलो. बिनथराची दोन झालीय, आठवड्यात. थराच्या पट्ट्यावर डावीकडे, शेवटच्या दोन-तीन वेढ्यांवर, काळसर.

पट्टी लावली. एक? की माझ्या हाताची सावली. हात बाजूला घेतला. तरी काळसर. वाकून दुसऱ्या बाजूने बघितलं, मग नाही. परत इकडून, आहे. पुसायचं नाही, मॅ.चा नियम. ट्रॅक्टरची धूळ असेल. किंवा तडा असेल, टांगताना चौकट वाकली असेल, आणि आता हवा आत जायला लागली असेल, आणि मग मार्चपर्यंत सगळ्याच

खालून हॉर्न. पिंट्या: "अरे ए, धागा बघत बसणार आहेस का? अंधार होतोय, वडोदरा गाठायचंय!"

मॅ.ना फोन लावला. सांगितलं, काळसर दिसतंय, पण उजेड तिरका आहे.
"संध्याकाळच्या उजेडात वाचू नकोस. पिवळं तांबडं दिसतं, तांबडं काळं दिसतं." मग, "सकाळी बघायला हवं. कोणीतरी."
त्यांनी 'तू' म्हटलं नाही. मी म्हटलं, बघतो.

खाली जाऊन पिंट्याला सांगितलं, तुम्ही निघा, मी सकाळी निघून भरूचला नाहीतर वडोदऱ्याला गाठतो. तो हसला. "तू? तू रस्त्यात पिल्लं बघत बसशील." गेले. मागचे तीन लाल दिवे उसाच्या ट्रॅक्टरांत मिसळले, मग कुठले कोणाचे ते कळेना.

मावशी म्हणाली, बॅग काढ, आत ठेव, दव पडतं. नको म्हटलं, बांधलेली राहू दे.
जेवलो. मॅ.ची पुरणपोळी मावशीला अर्धी दिली. मग परत गच्चीवर. चौकट नुसती काळी आकृती दिसते आता, त्यात काही वाचता येत नाही. तरी खुर्ची वर आणलीय, पूर्वेकडे तोंड करून ठेवलीय. सूर्य मागच्या उसावरून येतो, मावशी म्हणाली. मोबाइलवर गजर लावायला गेलो, मग म्हटलं, आज झोपतंय कोण.